विश्वाचा मध्य कुठे? कोल्हापुरात बसून तपासायची रीत

विश्वाचा आकार कसा, ते फिरतं की पसरतं आणि त्याला मध्य आहे का, हे तीन प्रश्न नवखा माणूस एका दमात विचारतो आणि तिथंच गाडं अडतं. उत्तर कोणत्या पातळीवर हवंय ते आधी ठरवावं लागतं. पृथ्वीच्या फिरण्याला आस आहे. सूर्यमालेला मध्य आहे. आकाशगंगेलाही आहे आणि तो धनू राशीकडे बोट करून दाखवता येतो. त्याच्या पुढच्या पातळीवर मात्र मध्य सापडेनासा होतो. तो का सापडत नाही, हे कुणाच्या सांगण्यावर मानायची गरज नाही. झेरॉक्सच्या दोन कागदांवर ते दिसतं.

लागणारं सामान साधं आहे: आलेख कागद, कोनमापक, पाच नंबरचा फुटबॉल, शिवणाचा दोरा, दोन पारदर्शक शीट, एक लोखंडी ठोकळा, सहा मीटर पोलादी तार. दुर्बीण नसली तरी चालेल. खालचा क्रम घरापासून बाहेर जाणारा आहे. तो शक्यतो मोडू नका. लोलक न करता एकदम महास्फोटावर (विश्वाच्या सुरुवातीच्या ‘बिग बँग’वर) उडी मारणाऱ्यांची गाडी पुढं ‘स्फोट कुठल्या जागी झाला’ या प्रश्नावर हमखास रुतते.

पहिली पायरी: आपण कुठं उभे आहोत

कोल्हापूर उत्तर अक्षांश १६.७ आणि पूर्व रेखांश ७४.२ अंशांवर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे आपल्याकडचा स्थानिक मध्यान्ह घड्याळातल्या बारापेक्षा सरासरी ३३ मिनिटं उशिरा होतो. पुढं ताऱ्यांच्या वेळा काढताना हा फरक विसरला की सगळं अर्ध्या तासानं चुकतं.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश. हात ताठ पुढं करून मूठ वळली की ती सुमारे १० अंश झाकते, मधली तीन बोटं ५ अंश आणि करंगळी १ अंश. ध्रुवतारा म्हणजे एक मूठ, वर तीन बोटं आणि दोन करंगळ्या. इतका खाली असल्यानं तो शहरातल्या धुरकट हवेत आणि दिव्यांत हरवतो. पन्हाळ्याच्या उत्तर बाजूनं किंवा मसाई पठारावरून तो नीट दिसतो. तो शोधताना लोक सगळ्यात तेजस्वी तारा शोधतात, ही पहिली चूक. ध्रुवतारा मध्यम तेजाचा आहे. त्याची खूण एकच: रात्रभर तो जवळजवळ हलत नाही.

सूर्याच्या सरकण्यासाठी रंकाळ्याच्या चौपाटीवर उभं राहा. एकच जागा पक्की करा आणि दर पंधरा दिवसांनी मावळतीच्या क्षणी मोबाइलच्या होकायंत्रानं दिशा लिहून ठेवा. (चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत आपल्याकडे फार तर एखाद्या अंशाचा फरक आहे, तो सोडून द्या. मोटरसायकलला टेकून मोजू नका, लोखंडानं सुई भरकटते.) वर्षभरात मावळतीची जागा पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना साडेचोवीस अंशांपर्यंत सरकते. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव (मावळतीचे किरण थेट मूर्तीवर येण्याचा सोहळा) याच सरकण्याचा एक टप्पा आहे. परंपरेनं तो ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा धरतात. २१ डिसेंबरपासून मागं मोजा, १० नोव्हेंबर ४१ दिवसांवर येतो. पुढं मोजा, १ फेब्रुवारी ४२ दिवसांवर. सूर्य जाताना आणि परतताना त्याच जागी, पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेकडे मावळतो, म्हणून हा सोहळा वर्षातून दोनदा. देऊळ बांधणाऱ्यांनी हे नेमकं हेरलं होतं.

दुसरी पायरी: पृथ्वी फिरते हे बंद खोलीत सिद्ध करणं

इथं वेळ द्या. गती दोन प्रकारची असते. सरळ रेषेतली एकसारखी गती आतल्या माणसाला कळत नाही. गोल फिरणं मात्र खिडकी न उघडताही कळतं. १८५१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फुको यांनी पॅरिसच्या पँथेऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगून हे दाखवलं. आपल्याला सहा मीटर उंची पुरते. जुन्या वाड्याचा जिना, शाळेचं सभागृह किंवा कारखान्याची शेड चालते.

ठोकळा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही लेथवर निघतो. १० सेंटिमीटर व्यासाचा आणि ८ सेंटिमीटर उंचीचा पोलादी दंडगोल सांगा, वजन पाच किलोच्या जवळ येतं. तारेचं भोक बरोबर मध्यात हवं आणि खाली मध्यावर एक टोकदार खिळा. तार एक मिलिमीटर जाडीची, पीळ नसलेली.

सगळी मेख वरच्या टोकाला आहे. हुकात हुक अडकवला तर लोलक एका दिशेत वेगळ्या आणि दुसऱ्या दिशेत वेगळ्या लांबीनं झुलतो आणि मग तो पृथ्वीचं न ऐकता हुकाचं ऐकतो. तार ड्रिल मशिनच्या चकमध्ये घट्ट आवळा आणि चक तुळईला बोल्टनं कसा. चक चारही बाजूंनी सारखा धरतो, म्हणून तो बरा. जिन्याच्या कठड्यासारख्या लवचिक जागी टांगू नका.

ठोकळा मध्यापासून ३० सेंटिमीटर बाजूला ओढून दोऱ्यानं भिंतीला बांधा. हेलकावे पूर्ण थांबू द्या, दहा मिनिटं लागली तरी थांबा. मग दोरा काडीपेटीनं जाळा. हातानं सोडू नका. बोटांचा जरासा धक्काही ठोकळ्याला बाजूचा वेग देतो आणि झोका सरळ रेषेत न राहता चपटा लंबगोल होतो. हा लंबगोल आपोआप फिरतो आणि त्याचा पृथ्वीशी संबंध नसतो. हिशेब असा: सहा मीटर तार आणि ३० सेंटिमीटर झोका असताना लंबगोल मध्यरेषेपासून एक मिलिमीटर फुगला तर उत्तरात एक पंचमांश चूक येते. पाच मिलिमीटर फुगला तर खोटं फिरणं खऱ्याइतकंच होतं. बहुतेकांचा प्रयोग इथंच फसतो आणि दोष कोल्हापूरच्या अक्षांशाला दिला जातो.

अक्षांशाचा वाटा आहेच. उत्तर ध्रुवावर झोक्याची रेषा तासाला १५ अंश फिरते. आपल्याकडे १५ गुणिले १६.७ अंशांची ज्या (साइन), म्हणजे तासाला ४.३ अंश, वरून पाहताना घड्याळाच्या दिशेनं. पूर्ण फेरीला सुमारे ८३ तास. जमिनीवर आलेख कागद चिकटवा, खिळ्याच्या टोकाखाली सुरुवातीची रेषा आखा आणि अर्ध्या तासानं पुन्हा आखा. ३० सेंटिमीटरच्या टोकाला सव्वा सेंटिमीटरच्या आतबाहेर फरक दिसला पाहिजे. झोका जसा लहान होत जाईल तसा हा फरकही लहान दिसेल, म्हणून सेंटिमीटर न मोजता कोन मोजा. पंखे बंद, खिडक्या बंद, बघे दूर. झोका एकदा पूर्व–पश्चिम आणि एकदा उत्तर–दक्षिण सोडून बघा. दोन्ही वेळा ४.३ च्या आसपास आलं तर माप खरं. एकदा २ आणि एकदा ७ आलं तर टांगणी सदोष आहे.

आता खरा प्रश्न. लोलक आपली रेषा कशाच्या संदर्भात धरून ठेवतो? मोजमाप सांगतं की दूरच्या दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या इतर प्रचंड तारासमूहांच्या संदर्भात. त्या दीर्घिकांचा आणि आपल्या शेडमधल्या पाच किलो लोखंडाचा काय संबंध, हा भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांचा जुना प्रश्न. त्याला गणितात बसवायचा एक गंभीर प्रयत्न १९६४ मध्ये फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी केला. नारळीकरांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचाच. वस्तूचं जडत्व तिच्या एकटीचं नसून विश्वातल्या बाकी सगळ्या द्रव्यामुळे येतं, अशी त्यांच्या सिद्धांताची धाव होती. तो सर्वमान्य झाला नाही, पण प्रश्न कुणी निकालात काढलेला नाही.

व्यवहारापुरतं एवढं लक्षात ठेवा: अख्खं विश्व एखाद्या आसाभोवती फिरत असतं तर सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमी प्रारणात (विश्व अगदी तरुण असताना निघालेल्या प्रकाशात) त्याचा पीळ उमटला असता. तो आढळलेला नाही.

तिसरी पायरी: सापडणारा मध्य आणि सापडणारी दिशा

आकाशगंगेचा मध्य मूळ आणि पूर्वाषाढा नक्षत्रांच्या मधे आहे. वृश्चिकाच्या नांगीतला तेजस्वी जोड म्हणजे मूळ. तिथून पूर्वेला धनूचे तारे किटलीच्या आकारात दिसतात. किटलीची चोच जिकडे रोखलेली, तिकडेच थोडं पुढं. कोल्हापुरातून हा भाग दक्षिणेला ४४ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे साडेचार मुठी. लंडनहून बघणाऱ्याला तो क्षितिजाला टेकलेला दिसतो, त्या मानानं आपण नशीबवान. तो मध्यरात्री सर्वांत उंच येण्याचा काळ जूनचा आणि तेव्हा इथं आभाळ भरलेलं. म्हणून मेच्या मध्यात पहाटे अडीचच्या सुमारास बघा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये साडेसातला नैर्ऋत्येकडे. दाजीपूर, गगनबावडा, मसाई पठार या बाजू अंधाऱ्या आहेत, पण अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबायला वनविभागाची परवानगी लागते.

तिथं २६ हजार प्रकाशवर्षांवर सुमारे ४३ लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्याची सावली दाखवणारी प्रतिमा मे २०२२ मध्ये जाहीर झाली. डोळ्याला दिसणार नाही, मधे धूळ आहे. पण सगळ्या वेगांचा हिशेब या टप्प्यावर एकदा मांडून ठेवा. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यानं कोल्हापूर सेकंदाला ४४५ मीटर पूर्वेकडे जातं. सूर्याभोवती आपण सेकंदाला ३० किलोमीटर जातो. सूर्य आकाशगंगेच्या मध्याभोवती सुमारे २३० किलोमीटरनं, एका फेरीला बावीस–तेवीस कोटी वर्षं.

यांच्या पुढचा वेग कशाच्या तुलनेत मोजायचा? इथं पार्श्वभूमी प्रारण कामाला येतं. ते १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी जाहीर केलं. निरपेक्ष शून्याच्या २.७२५ अंश वर, सगळीकडून जवळजवळ सारखं. ‘जवळजवळ’मध्येच बातमी आहे: एका दिशेला ते हजारात एक भागानं उबदार आणि बरोबर विरुद्ध दिशेला तितकंच थंड. याचा अर्थ सूर्यमाला त्या उबदार दिशेला सेकंदाला ३७० किलोमीटर वेगानं चालली आहे. ती दिशा सिंह आणि चषक तारकासमूहांच्या सीमेवर आहे. एप्रिलच्या मध्यात रात्री दहा–सव्वादहाला दक्षिणेकडे तोंड करा आणि ६६ अंश वर बघा. आपण तिकडे चाललो आहोत.

नवख्यांचा इथं एक घोटाळा होतो. ‘म्हणजे विरुद्ध दिशेला विश्वाचा मध्य, तिथून आपण निघालो’ असं ते मानतात. तसं नाही. हा आपला स्थानिक वेग आहे, आजूबाजूच्या दीर्घिकासमूहांच्या ओढीनं आलेला. अशा वेगावरून मध्याची दिशा कळत नाही.

चौथी पायरी: पसरण्याचा आलेख

दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटातल्या ओळखीच्या रेषा लाल टोकाकडे सरकलेल्या दिसतात. कॅल्शियमची एक रेषा प्रयोगशाळेत ३९३.४ नॅनोमीटरवर असते, कोमा या दीर्घिकांच्या समूहात ती ४०२ च्या पुढं मिळते. या सरकण्यावरून वेग काढतात. अंतर वेगळ्या मार्गानं काढतात. दोन्ही आकडे तयार घ्या. अंतर मेगापार्सेकमध्ये (एक मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं), वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये, सगळे गोळाबेरीज:

कन्या समूह: १६.५ आणि १,१५०
फोर्नॅक्स समूह: २० आणि १,४००
वासुकी समूह: ५४ आणि ३,८००
ययाती समूह: ७४ आणि ५,४००
कोमा समूह: १०० आणि ६,९००

आलेख कागदावर आडवा एक सेंटिमीटर म्हणजे १० मेगापार्सेक आणि उभा एक सेंटिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर धरा. मूळ बिंदूतून सगळ्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी रेषा पट्टीनं काढा. चढ ७० च्या आसपास येईल, म्हणजे दर मेगापार्सेकला वेग ७० किलोमीटरनं वाढतो. देवयानी दीर्घिकाही टाका: ०.७८ मेगापार्सेक, वेग उणे ३००. ती रेषेखाली जाते, कारण ती आपल्याकडे येतेय. जवळच्या दीर्घिकांत एकमेकींची ओढ पसरण्यावर मात करते, म्हणून फक्त शेजाऱ्यांवरून चढ काढू नका. फार जवळच्या नमुन्यावर आणि चुकीच्या अंतरमापनावर विसंबल्यानं १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांचा आकडा ५०० च्या घरात आला होता. आजही वाद मिटलेला नाही: पार्श्वभूमी प्रारणावरून ६७ च्या जवळ येतो, दीर्घिकांमधल्या ताऱ्यांवरून ७३ च्या जवळ.

चढाचा व्यस्त (एक भागिले चढ) काढा: पसरण्याचा वेग कायम हाच असता तर इथवर यायला किती काळ लागला असता ते कळतं. एका मेगापार्सेकचे किलोमीटर म्हणजे ३०.८६ वर अठरा शून्यं. त्याला ७० नं भागलं की सेकंद येतात, त्यांना वर्षातल्या ३.१५६ कोटी सेकंदांनी भागा. सुमारे १,४०० कोटी वर्षं. विश्वाचं मान्य वय १,३८० कोटी आहे. दोन्ही इतके जवळ येतात यात थोडा योगायोग आहे, कारण पसरण्याचा वेग सगळा काळ सारखा नव्हता.

आता मध्याचा प्रश्न. आलेखात सगळे आपल्यापासून पळताहेत, मग मध्य आपणच की काय? कोमामध्ये जाऊन बसा. कन्या आणि कोमा आपल्याकडून जवळजवळ एकाच दिशेला आहेत, म्हणून साधी वजाबाकी चालते. कोमावरून कन्या समूह ८३.५ मेगापार्सेकवर आणि ५,७५० च्या वेगानं दूर जाणारा दिसेल. भागाकार करा: ६९. आपली आकाशगंगा १०० मेगापार्सेकवर आणि ६,९०० नं: तेही ६९. कोमातल्या निरीक्षकालाही सगळे त्याच्यापासूनच पळताना दिसतात आणि चढ तोच. वेग अंतराच्या सरळ प्रमाणात असेल तरच हे जमतं. वर्गाच्या प्रमाणात घेऊन एकदा वजाबाकी करून बघा, हिशेब लगेच फिसकटतो.

पाचवी पायरी: झेरॉक्सचे दोन कागद

वजाबाकी डोळ्यानं बघायची असेल तर हा प्रयोग. सगळ्या लेखातून एकच करणार असाल तर हाच करा.

एका पांढऱ्या कागदावर मोहरीचे शंभर–सव्वाशे दाणे सांडा आणि प्रत्येक दाण्याच्या जागी काळ्या पेनानं ठिपका द्या. चौकटीत ओळीनं ठिपके काढू नका. सारख्या जाळीवर मोठी प्रत ठेवली की ठिपके अनेक ठिकाणी योगायोगानं जुळतात आणि खोटे मध्य दिसतात. कडेला दोन सेंटिमीटर मोकळे सोडा, नाहीतर मोठ्या प्रतीत कडेचे ठिपके कापले जातात.

राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत झेरॉक्सवाल्याला दोन पारदर्शक शीटवर प्रती काढायला सांगा: एक १०० टक्के, दुसरी १०५ टक्के. शीट लेझर यंत्राची हवी. शाईच्या प्रिंटरची शीट लेझरमध्ये घातली तर वितळून आत चिकटते आणि साध्या शीटवर शाईचं प्रिंट पुसलं जातं. दुसऱ्या शीटवरचे ठिपके लाल मार्करनं गिरवा.

लहान प्रतीवर मोठी ठेवा. कोणताही एक ठिपका निवडून त्याचा लाल जोडीदार बरोबर त्याच्यावर आणा, दोन्ही कागदांच्या कडा समांतर ठेवा. सगळे बाकीचे ठिपके त्या ठिपक्यापासून बाहेर पळताना दिसतील. जवळचे थोडे, लांबचे जास्त: ४ सेंटिमीटरवरचा २ मिलिमीटर, १० सेंटिमीटरवरचा ५ मिलिमीटर. आता दुसरा ठिपका जुळवा. मध्य तिकडे गेला. कोपऱ्यातला जुळवा, कोपरा मध्य झाला. कागदावर खरोखर घडलेली गोष्ट एकच: प्रत्येक दोन ठिपक्यांमधलं अंतर पाच टक्क्यांनी वाढलं. मध्य आपण जुळवताना आणतो.

१०५ च्या ऐवजी ११५ टक्के घेतलं तर कुठला लाल ठिपका कुठल्या काळ्याचा हेच ओळखू येत नाही. १०२ घेतलं तर सरकणं दिसत नाही. वरचा कागद दोन–तीन अंश फिरवला की किरणांऐवजी भोवरा दिसतो. नवख्यांचा हात हलून हे आपोआप होतं आणि ते ‘विश्व फिरतंय’ म्हणून खूश होतात. एकदा मुद्दाम करून फरक ओळखून ठेवा.

या प्रयोगाला एक मर्यादा आहे: कागदाला कडा आहेत, म्हणून कागदाला भूमितीतला मध्य आहेच. त्यावर उपाय म्हणून महाद्वार रोडवरून इंचभर रुंदीचं इलॅस्टिक घ्या, टोकं शिवून कडं करा, त्यावर सारख्या अंतरावर टिकल्या चिकटवा आणि ते आधी लहान, मग मोठ्या डब्यावर चढवा. टिकल्यांमधली अंतरं वाढतात, टिकल्या तेवढ्याच राहतात. दीर्घिका, सूर्यमाला, आपण स्वतः पसरत नाही, ते याचमुळे: ओढीनं किंवा रासायनिक बंधांनी बांधलेलं असतं ते ताणलं जात नाही. म्हणून ठिपके पेनानं काढू नका, ताणलं की ते फुगतात. शिवणीजवळ ताण कमी पडतो, तिथली मापं सोडून द्या.

महास्फोट कुठं झाला याचं उत्तर आता देता येतं. सगळ्या टिकल्या मागं एकत्र आणल्या तर एखादी टिकली ‘मूळ जागा’ म्हणून वेगळी काढता येत नाही. तो सगळीकडे झाला, आपण उभे आहोत तिथंही.

गंमत अशी की १९४८ च्या स्थिर स्थिती सिद्धांतात (विश्व पसरतं, तरी कायम सारखंच असतं असं मानणाऱ्या), ज्याची बाजू हॉइल आणि पुढं नारळीकर यांनी लावून धरली, सुरुवातच नव्हती. महास्फोटवाले आणि ते काळाबद्दल प्रत्येक गोष्टीत भांडले. मध्य नाही यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

सहावी पायरी: आकार, फुटबॉलवर

पेठापेठांत फुटबॉल संघ असलेल्या गावात बॉलला तोटा नाही. पाच नंबरच्या बॉलचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर असतो, ६९ धरू. हवा पूर्ण भरा, दबलेल्या बॉलवर सगळी मापं बिघडतात.

एका बिंदूपासून दोरा ताणून १७.२ सेंटिमीटरवर, म्हणजे पाव परिघावर, दुसरा बिंदू घ्या. पहिल्या बिंदूपाशी काटकोन करून तितक्याच अंतरावर तिसरा. दुसरा आणि तिसरा दोऱ्यानं जोडा. दोरा ताणलेला हवा, ढिला दोरा सरळ रेषा नव्हे. प्लास्टिकचा कोनमापक बॉलवर बसत नाही, त्याची कागदी प्रत कापून वापरा. तीनही कोन ९० अंश, बेरीज २७०. वर्तुळही करून बघा: दोऱ्याची त्रिज्या ८ सेंटिमीटर घेऊन बॉलवर वर्तुळ काढा आणि त्याचा परीघ मोजा. सपाट कागदावर तो ५०.३ यायला हवा, बॉलवर ४६ येतो.

आता तीन सेंटिमीटर बाजूचा लहान त्रिकोण काढा. कोनांची बेरीज १८० पेक्षा जेमतेम दोनेक अंशांनी जास्त असते आणि कागदी कोनमापकाला तो फरक कळत नाही. बॉल तोच, त्रिकोण लहान, म्हणून सपाट भासला. विश्वाच्या आकाराची सगळी अडचण हीच आहे. त्रिकोण शक्य तेवढा मोठा हवा.

मिळणारा सर्वांत मोठा त्रिकोण पार्श्वभूमी प्रारणाचा आहे. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना निघालेला तो प्रकाश. त्यातल्या कमी-जास्त तापमानाच्या डागांचा खरा आकार भौतिकीवरून काढता येतो, तो झाला त्रिकोणाचा पाया. सपाट अवकाशात हे डाग सुमारे एक अंशाचे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दुप्पट रुंद दिसायला हवेत. बॉलसारख्या वक्रतेत ते मोठे दिसले असते, खोगिरासारख्या उलट वक्रतेत लहान. १९९८ मध्ये अंटार्क्टिकावर सोडलेल्या बूमरँग या बलूनवरच्या दुर्बिणीनं आणि पुढं २००१ च्या डब्ल्यूमॅप व २००९ च्या प्लांक यानांनी मोजलं: एक अंश. मोजमापाच्या अचूकतेत, अर्ध्या टक्क्याच्या आत, अवकाश सपाट आहे.

सपाट म्हणजे चपटं नव्हे, एवढं मात्र घोकून ठेवा. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० भरते, इतकाच अर्थ. आणि सपाट म्हणजे अनंतच असंही नाही. मोबाइलच्या जुन्या सापाच्या खेळात साप उजव्या कडेतून गेला की डाव्या कडेतून येतो. तो पडदा पूर्ण सपाट आहे, मर्यादित आहे आणि सापाच्या दृष्टीनं त्याला ना कड ना मध्य. विश्व तसं असतं तर आकाशात दोन वेगळ्या दिशांना डागांची अगदी जुळणारी वर्तुळं सापडली असती. शोधली, सापडली नाहीत. म्हणजे गुंडाळी नसेल, नाहीतर असलीच तर आपल्याला दिसणाऱ्या भागापेक्षा मोठी असेल.

दिसणाऱ्या भागाला मध्य आहे आणि तो आपण आहोत. पन्हाळ्याच्या तटावरून दिसणाऱ्या क्षितिजाचा मध्य बघणारा असतो, तेवढाच त्याचा अर्थ. या भागाची त्रिज्या सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षं आहे. १,३८० कोटी नाही, कारण प्रकाश प्रवासात असताना मागचं अंतर वाढत गेलं. देवयानीतल्या निरीक्षकाचं वर्तुळ वेगळं, मध्य त्याचा.

सगळीकडे विश्व सरासरीनं सारखं आहे, हे मुळात गृहीतक आहे. ते तपासलं जातं आणि तीस–चाळीस कोटी प्रकाशवर्षांपेक्षा मोठ्या तुकड्यांत ते बऱ्यापैकी टिकतं. पण क्वेसारांच्या (फार दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी गाभ्यांच्या) मोजणीतून निघणारा एका दिशेचा झुकाव अपेक्षेच्या दुपटीहून जास्त येतो, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यावर खल चालू आहे. कुणी ‘मध्य नाही हे सिद्ध झालं’ म्हटलं तर त्याला इतकंच सांगा की मध्याची खूण सापडलेली नाही.

कधी काय करायचं

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर आभाळ मिळत नाही, तेव्हा लोलक, आलेख, झेरॉक्स आणि फुटबॉल उरकून घ्या. पावसाळ्यात पोलादी तार गंजते, तिला तेलाचा हात फिरवा आणि दर वेळी वरचं टोक तपासा, पाच किलो डोक्यावर पडायला नको. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी धनू गाठा. नोव्हेंबरमध्ये रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे ६५ अंश वर देवयानी दीर्घिका साध्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस घ्या आणि डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. मावळतीच्या नोंदी ऑक्टोबर ते मेपर्यंत चालू राहतील. सिंह आणि चषकामधली जागा एप्रिलमध्ये. मेच्या उत्तरार्धात वळवाचे ढग दुपारनंतर चढतात, पण पहाटे बऱ्याचदा आभाळ धुतल्यासारखं असतं. आकाशगंगेच्या मध्यासाठी तीच वेळ धरा.